मागची चाकं वाकडी नव्हती, त्रिवेणीताई

विहीणबाई त्रिवेणीताईंना नारायणगुड्याहून केसरबाईचा खाली मान घालून जयभीम. तुमचे गुडघे कसे आहेत? आमची सुमेधा वेळेवर गोळ्या देते ना? (देत नसेल तर रागवा, मी तुमच्या बाजूनं आहे.) इकडे सगळे बरे, मी सोडून. म्हणजे मला दुखत-खुपत काही नाही, तोंड दाखवायची सोय राहिली नाही एवढंच. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला, म्हणून पत्र. अक्षर चौथीतलं आहे, सांभाळून घ्या. नातू अमरदीपला मराठी वाचायला जड जातं, त्यामुळे त्याच्यासमोर बसूनच लिहिते आहे.

तुमचा भाचा डॉक्टर गौतम रविवारी आमच्याकडून काय ऐकून गेला ते तुम्हाला कळलंच असेल. आता माझ्याकडून ऐका. अमरदीप जुन्या भारी गाड्या विकायच्या दुकानात लागलाय. तीन महिन्यांची कच्ची नोकरी. या महिन्यात एक गाडी खपली तर पक्की, नाहीतर घरी. गौतमला गाडी घ्यायची होती, तुम्हीच त्याला अमरदीपचा नंबर दिलात (तुमचे उपकार), म्हणून पोरगा मालकाला विचारून लाल गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला. दोनच माणसांची गाडी, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं. गौतम आणि त्याची बायको शिल्पा आमच्या दारात चहा घेत उभे होते.

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा चारदा मागंपुढं करून वळते. अमरदीपनं ती गाडी ट्रान्सफॉर्मरजवळ एका दमात फिरवली. सगळे वाहवा करत होते आणि मी बघत होते चाकं. पुढची उजवीकडं, मागची डावीकडं! आमच्या उत्तमरावांनी छत्तीस वर्षं लॉरी चालवली. लॉरी चढावर थांबली की उतरून चाकाला दगड लावायचं काम माझं (क्लीनर पळून जायचे, मी कुठं जाणार?). मागचं चाक तिरकं दिसलं की एक्सल गेला, एवढं मला झोपेतही कळतं. मी घरातून वरवंटा आणला, धावत जाऊन मागच्या चाकाला लावला आणि अख्ख्या नारायणगुड्याला ऐकू जाईल असं ओरडले, "उतर पोरा, एक्सल तुटला!"

तेवढ्यावर गप्प बसले असते तर आज ही पाळी आली नसती. पण गौतम तुमच्या घरचा माणूस. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा, ही गाडी कुठंतरी मार खाऊन आलीय, वरून रंग मारलाय. अमरदीप मागून म्हणत होता, "आजी, नक्को ना! ती चाकं तशीच फिरतात." मी म्हटलं, "तू चूप. आजोबाला विचार जा." (ते जाऊन नऊ वर्षं झाली.) शिल्पानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि दोघं निघून गेले. मला तर वाटलं, आज एका घराचा जीव वाचवला.

पोरगा ओरडला असता तर बरं झालं असतं हो. त्यानं वरवंटा धुऊन जागेवर ठेवला, मला गाडीत बसवलं आणि शहराबाहेरच्या मोठ्या गोल रिंग रोडवर नेलं. त्यानं समजावलं ते माझ्या डोक्यात असं शिरलं. दोघांनी बाज उचलून जिन्यावरून न्यायची असते ना, तेव्हा वळणावर पुढचा एकीकडं सरकतो आणि मागचा उलटीकडं, तेव्हा कुठं बाज वळते. या गाडीची मागची चाकंही हळू असताना तशीच उलटी वळतात, म्हणून ती गल्लीत मावते. आणि जोरात असताना चारही चाकं एकाच बाजूला जरा जरा वळतात, दोघं मिळून बाज भिंतीकडं सरकवतात तशी. आम्ही एका लॉरीला मागं टाकलं तेव्हा गाडी अख्खीच्या अख्खी बाजूला झाली, शेपूट हललं नाही. आमची लॉरी अशी बाजूला घेतली की मागचा भाग झोके खायचा आणि माझ्या पोटातलं वर यायचं. इथं मांडीवरचा चिवडा सांडला नाही! (हौ, पुडी नेली होती. लाज वाटत असली तरी भूक लागते.)

म्हणजे चाकं ठीक होती, माझंच डोकं तिरकं. सोमवारपासून पोरगा नीट जेवत नाही. महिना संपायला आठ दिवस उरलेत.

शरमेनं अर्धी झालेली तुमची विहीण,
केसरबाई

ता. क. – गौतमला सांगा की केसरबाईला वयानं भ्रम झालाय, ती थांब्यावर उभ्या असलेल्या बसलाही वरवंटा लावते. हवं ते सांगा, मी नाही म्हणणार नाही. फक्त एकदा येऊन त्यानं गाडी स्वतः चालवून बघावी.

ता. क. दुसरा – पण त्याला रविवारी ये म्हणावं, त्याआधी नको. शनिवारी अमरदीप ती गाडी धुवायला नेणार आहे आणि दुसरी सीट मी धरून ठेवलीय. गाडी एकदा गौतमच्या घरी गेली की तिथं शिल्पा बसणार.