एका वाटीला अडीच वाट्या पाणी

९ डिसेंबर, सोमवार
मृण्मयीच्या ज्युनिअर केजीत शुक्रवारी ‘भात पार्टी’. पोरं तांदूळ मोजणार, धुणार, शिजवलेला खाणार आणि त्यातून शिकणार. ज्ञानदा टीचरने मदतीला एक पालक मागितला. मी ग्रुपवर चार सेकंदांत नाव दिलं. पाचव्या सेकंदाला आमचा घरमालक कुशाबा घुसला असता. त्याची नात पिंकी त्याच वर्गात. नांदे गावातली जमीन विकून तीन मजले चढवले, पण रिहे गावातली भाताची खाचरं राखून आहे. म्हणून भातातलं सगळं यालाच कळतं. पाणी दिवसातून दोनदा सोडतो आणि जिन्यात मला ‘ओ भाडेकरू’ म्हणतो.
माझे बाबा भात करणार, असं मृण्मयी आख्ख्या वर्गाला सांगून आलीये.

१० डिसेंबर, मंगळवार
पोरगी घरी जेवतच नाही. चार घास, की ताट सरकवलं. मी जेवणाचा वेळ वाया जाऊ देत नाही, घासाला एक प्रश्न ठेवतो. वाटाणे किती? गाजराचा रंग कोणता? इंग्लिशमध्ये? खाली कुशाबाच्या सारजाबाईने वाढलेला भात मात्र चाटूनपुसून खाते. बायको, स्नेहल, म्हणाली, असं का होतं याचा जरा विचार कर. केला. भिडेखातर खाते. तिने यावर फक्त भांडी आपटली.
शुक्रवारी माझ्या हातचा भात सगळ्यांसमोर पोटभर खाईल. मग खाली जेवायला जाणं कायमचं बंद.

११ डिसेंबर, बुधवार
‘दाणा ते ताट’. बारा स्लाइड्स तयार. सातवीवर पाण्याचं प्रमाण, एका वाटीला अडीच. व्हिडिओत बघितलं. आमच्या लातूरकडे रोज भाकरी, भात सणावाराला, त्यामुळे भाताबद्दल माझं मन कोरं आहे. हा फायदाच. स्नेहल म्हणाली, घरी एकदा करून बघ. तिच्या समाधानासाठी हो म्हटलं. केला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
तांदूळ कुशाबाने दिलाय. यंदाचा इंद्रायणी, शाळेला फुकट. मोठा दानशूर. संध्याकाळी जिन्यात मला अडवून म्हणाला, “नवा तांदूळ हाय. पानी बेतानं घाला, न्हाईतर लई गिचका व्हईल.”
मी काय दुधखुळा आहे? पाणी कमी पडणार, भात कच्चा राहणार, पोरांसमोर माझी फजिती होणार आणि हा मिशीत हसणार. आता अडीच नाही, तीन घालतो. याच्या नाकावर टिच्चून.

१३ डिसेंबर, शुक्रवार, दुपारी २
तिसऱ्या स्लाइडपर्यंत सगळं उत्तम. चौथीला दोघं रडली, पाचवीला तिघांना सू लागली. हल्लीच्या पालकांनी पोरांना एका जागी बसायला शिकवलेलंच नाही.
तेवीस पोरांनी मूठमूठ तांदूळ धुतला, निम्मा फरशीवर. मी इंडक्शनवर पातेलं चढवलं, तीनपट पाणी घातलं. झाकण काढलं तेव्हा आत खळ. चमचा घातला, तो उभाच राहिला. मृण्मयी पहिल्या रांगेत वाटी धरून बसली होती. तिने वाटी हळूच मांडीखाली ठेवली. ते मी बघितलं नाही असं दाखवलं.
ज्ञानदा टीचर म्हणाली, वाया काही जात नाही. पोरांनी माझ्या स्लाइड्सच्या प्रिंट्स त्या भाताने कार्डबोर्डवर चिकटवल्या. पक्क्या बसल्या.
एवढ्यात दारात कुशाबा. हातात मोठं पातेलं, वर फडकं. सारजाबाईने सकाळीच भात टाकला होता म्हणे. “असू द्या म्हनलं हाताशी.” म्हणजे कट सकाळपासूनचा. सगळी पोरं जेवली. मृण्मयीने दोनदा मागून घेतला. कुशाबाने मलाही ताट दिलं. भूक नाही म्हणालो. भूक होती.

१४ डिसेंबर, शनिवार, सकाळ
छडा लावायचा ठरवलं. वही घेऊन मृण्मयीसमोर बसलो. खालच्या आबांकडचा भात का आवडतो? तूप? चव? चूल?
म्हणाली, “आबा जेवताना काही विचारत नाहीत.”
वहीत काहीच लिहिलं नाही. वाईट वाटलं. कुशाबाचा राग करून बघितला, नीट आला नाही. आजपासून जेवताना एकही प्रश्न नाही. आठवड्यात पोरगी घरी जेवायला लागेल, खात्री आहे.

१४ डिसेंबर, शनिवार, रात्री ८
ताट वाढलं. गप्प बसलो. मृण्मयी ताटाला हात लावेना, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, विचार ना लवकर. झालं की मला खाली जेवायला जायचंय.”
जा म्हटलं. गेली.
तिचं ताट मीच संपवलं. वाटाणे अकरा होते.