काळ्याचे ओले पाय

सूनबाई,

आपला काळ्या आज पुन्हा ओल्या पायांनी घरात आला. फरशीवरचे ठसे पुसू नकोस, आधी नीट बघ. नदी दोन वर्षं कोरडीठाक आहे. वरच्या धरणातून थेंबही सोडलेला नाही, कालच त्यांच्या ऑफिसात विचारून आलो. मग हा कुत्रा पाय बुडवतो तरी कुठे? आता तो परत निघालाय, म्हणून मीही त्याच्या मागे नदीत उतरतोय.

पाण्यापायी घर सोडायला मी हो म्हटलंय, शब्द फिरवत नाही. फक्त सामानाचा टेम्पो दुपारपर्यंत थांबव. ड्रायव्हर कुरकुरला तर सगळं माझ्यावर ढकल.

घागर मुद्दाम नेली नाही, गल्लीतले हसतील. खिशात वाटी टाकली आहे.

बाबा