शून्याचा हात

४ जानेवारी
मला सर्जनच व्हायचंय. त्याआधी हा कोर्स — डॉक्टर होणाऱ्यांनी एक उपकरण स्वतः करून दाखवायचं. शिकवणारे इंजिनिअर, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आज म्हणाले, "तुम्हाला हाडांची नावं पाठ आहेत, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते माहीत नाही." मी उलटाच फिरवत होते.

५ जानेवारी
जोडीला वर्गातला एक मुलगा, सगळे त्याला पहिलवान म्हणतात. वजनं उचलतो, सतत खातो, बोलतो कमी. विषय माझा: थरथरत्या हातांसाठी चमचा. हात हलला की आतली मोटर गुणगुणत उलट ढकलते, घास जागच्या जागी. आईसाठी. तिचा कप बशीत वाजतो. ती येतेय हे घरात तसंच कळतं.

११ जानेवारी
स्थिर हात कसा असतो ते चमच्याला आधी शिकवायचं. ते त्याचं शून्य. त्यापलीकडची थरथर तेवढी तो पुसणार. "कोणाचा हात घेऊ या?" मास्तरांनी विचारलं. मी लगेच पुढे केला. टाके मी सगळ्यांत बारीक घालते.
मग चाचणी. पहिलवानाने थरथरीची नक्कल केली. अंगात आल्यासारखा हलला. मास्तरांनी आपला डबा बाजूला ओढला. चमचा पास.

१९ जानेवारी
घरी आईला सूप दिलं. निम्मं पोटात, निम्मं मांडीवर. "जुना चमचाही सांडायचा," ती म्हणाली, "पण गाणं तरी म्हणत नव्हता." मग नेहमीचं: "तुझ्या मामाचंही असंच. ऐन तारुण्यात सुरू झालं. आम्ही हसायचो मेल्याला."

२२ जानेवारी
मोटर बदलली. सांडलं.

२५ जानेवारी
बॅटरी बदलली. पंखा बंद केला. मास्तर स्वतः घरी आले, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. सांडलं. आई म्हणाली, "आता मलाच बदला."

३० जानेवारी
पहिलवान केळं सोलत म्हणाला, "शून्यच चुकलं असेल."
"म्हणजे माझा हात?"
"मी तसं म्हटलं नाही. तू म्हणालीस."
मास्तरांनी त्याचा हात घेतला. पडद्यावर सरळ रेघ. शेजारी माझी जुनी रेघ — बारीक दाते, करवतीसारखे.
"चहा जास्त होत असेल तुझा," मास्तर म्हणाले. फार हळू म्हणाले.
मी चहा पीत नाही. 

२ फेब्रुवारी
मास्तर आणि पहिलवान घरी आले. पहिलवानाच्या शून्यावर आईने वाडगा संपवला. आणखी मागितलं. पैकीच्या पैकी गुण.
मास्तरांनी चमचा पहिलवानाच्या हातात दिला. चमचा गप्प. आईच्या हातात दिला. गुणगुण. "बघा, बरोबर ओळखतो," ते म्हणाले. आई म्हणाली, "या पोराला सर्जन करा." सगळे हसले. सगळ्यांच्या आधी मी.
मास्तरांनी चमचा माझ्यापुढेही धरला. मी वाडगा विसळायला उठले.

३ फेब्रुवारी
दुपारी आई झोपली. चमचा घेतला. रिकामाच. श्वास रोखून धरला.
गुणगुणला.