मेथीचं पाणी आणि माझा तपासणी अहवाल

सोमवार, ३ नोव्हेंबर
१. सकाळी ७.४०. तात्याबा मामानं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: बीपीची गोळी किडनी खाते, मेथीचं पाणी प्या, एकवीस दिवसांत गोळी बंद.
२. ८.०५. आईनं आजची गोळी डब्यात परत ठेवली.
३. ८.३०. आईचं बीपी १६८/१०२. दोनदा मोजलं.
४. मेसेजखाली नऊ जणांनी हात जोडले.
निश्चय: ठाम उत्तर, वैयक्तिक टीका शून्य. मला राग आलेला नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
उत्तर टाकलं: माहिती चुकीची आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. शेवटी लिहिलं की अंगठ्यानं फॉरवर्ड करता येणं म्हणजे डॉक्टरी नव्हे. यात मामाचं नाव नाही.
मामा म्हणाला, लई शिकलीस की, तुला कडेवर घेऊन फिरलोय आमी. मुद्द्याशी संबंध नाही.
आई १७२/१०४. मेथीचं पाणी दोन पेले.

बुधवार, ५ नोव्हेंबर
उपाय सापडला. एमआयडीसीत टॉवेलच्या लॅबमध्ये मी जो तपासणी अहवाल भरते, त्यात भावनेला रकानाच नाही. तोच भरून ग्रुपवर टाकला. नमुना: मेथीचा मेसेज. पुरवठादार: तात्याबा मामा. धुतल्यावर रंग टिकतो का: नाही. निष्कर्ष: रिजेक्ट. लाल शिक्काही मारला, नाहीतर अहवाल अपुरा राहतो.
इतकं निःपक्षपाती उत्तर ग्रुपवर आजवर कुणी दिलं नसेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मला ग्रुपमधून काढलं. मामानं ब्लॉकही केलं. म्हणजे मुद्दा पोचला.
आई बोलत नाही. बीपी मोजू देत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आई बोलली. मामा काल आला होता, जेवला नाही. म्हणाला, तीस वर्सं टॉवेलचा माग चालवला, माझा एक पीस कुणी रिजेक्ट केला न्हाय, आन् भाचीनं नावापुढं शिक्का मारला, अक्का.
आई म्हणाली, आता तो घे म्हणंल तवाच गोळी घेईन.
फॉर्मची चूक नाही. पुरवठादाराचा रकाना मी भरला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
आई १८०/१०८. झोपेत मोजलं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आजच गोळी सुरू करा, सोमवारी घेऊन या.
चिठ्ठी लिहिली, कोऱ्या कागदावर. सकाळी स्वतः नेऊन देईन.

मामा, मेसेज चुकीचा आहे, हे मी अजूनही म्हणते. तुमच्या नावापुढं तो शब्द लिहिला, ती चूक माझी. आईनं सहा दिवस गोळी घेतलेली नाही. तुम्ही सांगितलंत तरच घेईल. आज, रविवारी ९ तारखेला, दुपारपर्यंत तिला फोन करा. मला केला नाही तरी चालेल.