पडद्यावरचा कचरा

गुरुवार, संध्याकाळ

दुपारभर स्वतःला शिव्या घातल्या, त्या फुकटच गेल्या म्हणायच्या.

आमच्या मिरची निवडायच्या यंत्रात सेन्सर रंग बघतो आणि सिरियल पोर्टवरून बोर्डाला, म्हणजे यंत्रातल्या छोट्या संगणकाला, कळवतो. पोर्ट हळू, म्हणून मिरच्या वाहणारा पट्टाही हळू. ज्यांच्या मिरची वाळवायच्या पथारीवर हे यंत्र लावायचंय ते जगनकाका मागे तोंडावरच म्हणाले, "यान्हापेक्षा बाया बेगी निवडतस." शनिवारी ते परत बघायला येणार. म्हणून पोर्टचा वेग ठरवणारं बोर्डावरचं घड्याळ पळवणारा ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरच्या लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसणारा छोटा प्रोग्राम लिहितेय.

पण बोर्डावर ड्रायव्हर चढवला की माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता कचरा. चौकटी, प्रश्नचिन्हं, तुटकी अक्षरं. कोड बदलला, तरी तोच कचरा. आईनं ठेवलेला चहा गार झाला.

मग एकदम वाटलं, कचरा तरी का? ड्रायव्हर फसून बोर्ड अडकला असता तर पडदा कोरा राहिला असता. म्हणजे बोर्ड बोलत होता! बोर्डाचे निरोप ज्या पोर्टवरून पडद्यावर येतात, तेही त्याच घड्याळावर चालतं. घड्याळ पळालं, बोर्ड भराभर बोलायला लागला, आणि माझा लॅपटॉप जुन्याच वेगानं ऐकत बसला. इतकं साधं मला का सुचू नये?

लॅपटॉपचा वेग वाढवला. कचऱ्याच्या जागी सरळ, वाचता येणाऱ्या ओळी. शनिवारी पट्टा पळवायचाच.

आई दारात आली. "काय व्हयनं वं, एकलीच हासी ऱ्हायनी?"

"चाली ऱ्हायनं माय! दुपारपासूनच चाली ऱ्हायंतं."

"मंग दुपारपासून तोंड पाडीसन काबर बठेल व्हती?"