उरलेले अठरा

मिरज, १ नोव्हेंबर १९७४

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी काकू विचारते, चंदीगडला घराला नंबर, वस्तीलाही नंबर, मग माणसांना तरी नावे आहेत का?

शेजारचा चारुदत्त औषधांचा एजंट आहे, ठाऊक आहेच. त्याने डॉक्टरांचे एक मासिक दिले. त्यात तुमच्याच संस्थेचा लेख. चाळीस मधुमेही, कडू बियांचे चूर्ण, तीन महिन्यांत साखर खाली. शेवटी आभारांत कु. प्रतिमा सोवनी, सांख्यिकी, असे छापलेले. साऱ्या आळीला दाखवले. घरच्या मुलीने तपासलेले, मग शंका कसली? येत्या पाडव्यापासून अकरा वर्षांची इन्सुलिनची सुई बंद करणार, चूर्ण सुरू करणार.

खुशालीच्या दोन ओळी टाकत जा.

तुझा काका,
राजाभाऊ

चंदीगड, सेक्टर १५
९ नोव्हेंबर १९७४

ती. राजाभाऊकाकांस शि. सा. न.

परवाची तार मिळाली असेल. सुई सोडू नका. कारणे लिहिते.

त्या चाळिसांत इन्सुलिन घेणारा एकही नव्हता, सगळे सौम्य मधुमेहाचे. म्हणजे तो लेख तुमच्याविषयी नाहीच. शिवाय चूर्णासोबत सर्वांचे गोड आणि बटाटा बंद केला होता, आणि तुलनेला चूर्ण न घेणारा गट ठेवला नव्हता. गुण कशाचा, हे त्यावरून कळत नाही.

सुरुवात चाळिसांनी केली, तक्ता बावीस जणांचा आहे. मला ते बावीसच आकडे दिले होते. सरासरी मी काढली, ती बरोबर आहे. माझे नाव तेवढ्यापुरते.

मसुद्यात चाळीस हा आकडा वाचला तेव्हा उरलेले अठरा कुठे, हे विचारायला हवे होते. विचारले नाही. नवीन होते, आणि नाव छापून येणार होते. काल केसपेपर काढले. अकरा जणांनी साखर वाढली म्हणून चूर्ण सोडले, सात पुन्हा आलेच नाहीत. लेख लिहिणारे आमचे सर म्हणाले, की माझे काम बेरजेपुरते. आज मासिकाच्या संपादकांना पत्र टाकले.

काकूंस नमस्कार. उत्तर लगेच यावे.

आपली,
प्रतिमा

मिरज, १६ नोव्हेंबर १९७४

चि. प्रतिमास आशीर्वाद.

तार वाचून आधी रागच आला. मी पाडव्यापर्यंत थांबलोच नव्हतो, चार तारखेलाच सुई ठेवून दिली होती. तुझ्या काकूने बळेच लघवी तपासायला लावली. नळीतले निळे औषध उकळताच विटेसारखे लाल झाले, म्हणजे साखर भरमसाट. तीन दिवस दवाखान्यात होतो. आता सुई सुरू आहे.

आळीत आणखी दोघांनी चूर्ण मागवले होते. त्यांतले विश्रामपंत माझ्यासारखेच सुईवाले. काठी घेऊन दोघांकडे गेलो, अठरांची हकीकत सांगितली. विश्रामपंत म्हणाले, तुमच्या मुलीचे नाव आहे ना त्यात? मी सांगितले, नावाकडे बघू नका असे तिनेच कळवले आहे.

तुझ्या नोकरीचे काय ते लिही. काकू काळजीत आहे.

राजाभाऊकाका

चंदीगड, २० डिसेंबर १९७४

ती. काकांस शि. सा. न.

पत्र छापणार असे संपादकांचे उत्तर आले. सरांच्या पुढच्या कामात मी नाही. नोकरी आहे, टेबल ग्रंथालयात हलवले आहे. बाबांना नोकरी आहे, एवढेच सांगावे.

रोज तपासणीचा रंग तारखेसह वहीत लिहा. लग्नात जिलब्या खाल्ल्या म्हणून ज्या दिवशी तपासणी टाळाल, तो दिवसही लिहा, कारणासकट. जागा रिकामी सोडू नका. मार्चमध्ये येईन तेव्हा वही बघणार आहे.

आपली,
प्रतिमा