अक्काच्या खिडकीचं ग्रिल

४ फेब्रुवारी

घरच्या खिडकीच्या ग्रिलला आज दार केलं. खरी किंमत — एक काळानिळा अंगठा, ठिणग्यांनी जळालेला पडदा, आणि बायकोचं वाक्य: "म्हणजे इतकी वर्षं मला कोंडूनच ठेवलं होतंत." लोखंड भंगारातलं, ते फुकट. वाक्य महाग पडलं.

नगरपालिकेचा नवा नियम. जिने मोकळे हवेत आणि प्रत्येक घराची निदान एक खिडकी आतून पूर्ण उघडायला हवी. आग लागली तर माणूस बाहेर पडावा म्हणून. गल्लीतली जवळजवळ सगळी ग्रिलं माझ्याच कारखान्यातली. तेव्हा कापायचीही मीच!

७ फेब्रुवारी

नगररचना खात्याच्या बाई गल्लीत सभेला आल्या होत्या. जिन्यातल्या सायकली, पिंपं, मोडक्या खुर्च्या — सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग म्हणाल्या, "चोरांना बाहेर ठेवलंत, पण माणसांना आत कोंडलंत." बायकोचंच वाक्य, सरकारी आवाजात!

लोक माझ्याकडे बघून हसले. मला राहवेना. उठलो. "बाई, गल्लीचं सगळं कापून देतो, मजुरी नको. पण एक ऐका. माझं पहिलं ग्रिल थोरल्या बहिणीच्या खिडकीला आहे. वेल्डिंग नुकतं शिकलो होतो तेव्हाचं. हत्ती लावून ओढा, तसूभर हलणार नाही."

मागून इस्त्रीवाला — "हत्ती आणायचा कुठून, शेठ? गल्लीत टेम्पो वळत नाही."

बाईंनी ते मात्र लिहून घेतलं.

१० फेब्रुवारी

एकटं म्हातारं माणूस असेल ते घर आधी, असं ठरलंय. म्हणून ग्राइंडर घेऊनच अक्काकडे गेलो. इस्त्रीवाल्याच्या दुकानाला लागून तिची इमारत, पहिला मजला, जिना लाकडी. दाजी गेल्यापासून एकटी असते.

"नको."

"अगं, नियम आहे."

"नियम तुझ्या कारखान्याला. माझ्या खिडकीला हात लावायचा नाही."

"आणि खाली आग लागली तर?"

"तर बघेन. बाळ्या, इकडे ये. बटण लोंबतंय तुझं."

बटण लावून घेऊन परत आलो. अख्खा कारखाना मला शेठ म्हणतो.

माझे कान तिखट. बोलता बोलता ती खिडकीकडे सरकली आणि आवाज जरा वर चढला. काहीतरी लपवतेय.

१३ फेब्रुवारी

कळलं बहुतेक. ते ग्रिल दाजींच्या हौसेचं. दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढा स्क्रू चिमटीत धरणारा माणूस. आई गेल्यावर त्यांनीच मला घरात ठेवून घेतलं, वेल्डिंग शिकायला घातलं. माझं ते वेडंवाकडं काम बघून म्हणाले होते, "वा, शेठ झालास की!" मला शेठ म्हणणारा पहिला माणूस. ती आठवण अक्का कशी कापू देईल?

मग अक्कालाच इकडे आणावं. बायको म्हणाली, "खोली मी आवरते. तुम्ही फक्त अक्कांना पटवा."

फक्त!

१६ फेब्रुवारी

पटली नाही. "जिना मोकळा ठेवते मी. जा, बघून ये." बघितला. लख्ख. पण धुराला मोकळा जिना अडवतो थोडाच?

१९ फेब्रुवारी

दुपारी अक्काच्या इमारतीत तळमजल्यावर मीटरच्या पेटीने पेट घेतला. धूर जिन्यातून सरळ वर. निरोप आला तसा धावलो, ग्राइंडर उचलून. त्याला वायर असते, वायरला प्लग लागतो — भान कुणाला? डोक्यात एकच. गज माझ्या हातचे आहेत.

पोचलो तर अक्का इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या गच्चीवर बसलेली. ती गच्ची तिच्या खिडकीखालीच. पायात चपला, मांडीवर दाजींचं घड्याळ. इस्त्रीवाला शिडी लावत होता. अग्निशामक दलाची गाडी कोपऱ्यावर अडकलेली. जवानांनी तिथून पाइप ओढत आणून आग विझवली.

"कशी आलीस बाहेर?"

"खिडकीतून."

"अगं, पण ग्रिल —"

"आधी डोळे पूस. लोक बघतायत."

आता आमच्याकडे, आवरलेल्या खोलीत झोपलीय. घोरतेय. किती बरं वाटतंय ते ऐकायला.

२० फेब्रुवारी

सकाळी तिच्या घरी जाऊन पाहिलं. चारही बोल्ट शोभेचे. एका बाजूला बारीक बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी, वरून एकसारखा रंग. हात दाजींचा.

अक्का म्हणाली, "तू बसवलंस त्याच आठवड्यात केलं त्यांनी. म्हणाले, बाळ्याला बोलू नकोस. पहिलंच काम आहे त्याचं."

करंगळीनं ढकललं. उघडलं.